उभ्या मोटारीचा रोग

मोटार चालविली म्हणजे झिजते, हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु ती नुसती उभी राहिली तरीही बिघडते, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां जळगांव व धुळें येथील अनेक गाड्या कित्येक आठवडे अंगणांतच पडून राहिल्या. त्यानंतर आमच्या परिचयाच्या एका कुटुंबास जो धडा मिळाला, तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

त्या कुटुंबाची मोटार आच्छादन घालून अगदीं नव्यासारखी ठेविलेली होती. टाळेबंदी उठल्यावरही ती महिन्यांतून एकदां बाजारापर्यंत जाऊन येई, एवढाच तिचा प्रवास. पुढें एका मे महिन्यांत आजीबाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं मंडळी तीच गाडी घेऊन जळगांवाहून धुळ्यास निघाली. एरंडोल मागें पडलें आणि उष्णतामापकाचा कांटा वर चढूं लागला. ‘पारोळें आतां जवळच आहे,’ असें म्हणून वडिलांनीं गाडी तशीच हांकली. पारोळ्याच्या अलीकडे इंजिनांतून वाफ निघाली, मागें पांढऱ्या धुराचा लोट सुटला आणि गाडी थांबली. थोरला मुलगा उतरून रेडिएटरचें झांकण उघडूं लागला, तोंच शेजारीं उभ्या असलेल्या मालट्रकच्या चालकानें त्याचा हात धरून त्यास मागें ओढलें. आजीबाई दुसऱ्या वाहनानें धुळ्यास पोहोंचल्या खऱ्या. पण त्या दिवशींची शस्त्रक्रियेची वेळ हुकली, आणि मुलांच्या फीसाठीं राखून ठेविलेला पैसा दुरुस्तींत खर्ची पडला. कारागिरानें निदान केलें तें एवढेंच: ‘हेड गॅस्केट उडालें.’

हें हेड गॅस्केट म्हणजे काय? इंजिनाच्या खालच्या भागास ब्लॉक म्हणतात. त्यांतील सिलिंडरांत दट्टे वरखालीं होतात. वरच्या झांकणास हेड म्हणतात. या दोहोंच्या मध्यें जें पातळ पत्र्यासारखें अस्तर घालून बोल्ट आवळतात, तेंच हेड गॅस्केट. पूर्वीं तें तांब्याचें व ॲस्बेस्टॉसचें करीत; हल्लीं तें बहुधा पोलादाच्या पातळ थरांचें असतें. कुकराच्या झांकणाची रबरी रिंग जें काम करते, तेंच याचें काम. मात्र तें कितीतरी अधिक बिकट आहे. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असलें, तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटास १००० वेळां भडका उडतो. हा भडका, इंजिन थंड ठेवणारें पाणी आणि वंगणाचें तेल, या तिघांस एकमेकांपासून वेगळें ठेवणें हें त्या अस्तराचें कर्तव्य होय.

नुसतें उभें राहून गॅस्केट सहसा उडत नाहीं; उभें राहिल्यानें त्याच्या नाशाची तयारी मात्र होते. रेडिएटरांतील पाण्यांत कूलंट मिसळतात. त्यांतील गंज रोखणारीं द्रव्यें केवळ गाडी चालल्यानें नव्हे, तर काळानेंही क्षीण होतात. मग तें पाणी आम्लधर्मी होऊन हेडची ॲल्युमिनियम धातु गॅस्केटच्या कडेनें खाऊं लागतें. आपल्याकडे विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें. कूलंटऐवजीं तेंच भरलें, तर हंड्याच्या तळाशीं बसतें तसें कीट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतें. रबरी नळ्या कडक होतात, पाण्याच्या पंपाचें सील सुकतें, पंख्याची मोटर अडकते, उंदीर तारा कुरतडतात. यांतील एकही दोष उभ्या गाडींत दिसत नाहीं. मे महिन्यांत आपल्या खानदेशांत उष्णमान ४५ अंशांच्या घरांत गेलें असतां लांबचा पल्ला गांठावयाचा प्रसंग आला, म्हणजे ते सर्व एकदम प्रकट होतात.

इंजिन फाजील तापलें म्हणजे धातु प्रसरण पावते. ॲल्युमिनियम हें ओतीव लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. ४० सेंटिमीटर लांबीचें ॲल्युमिनियमचें हेड ८० अंशांनीं तापलें, तर सुमारें पाऊण मिलिमीटर वाढतें. ब्लॉक लोखंडाचा असल्यास तो त्याच्या निम्म्यानेंच वाढतो. नेहमींची ही ओढाताण गॅस्केट सोसतें. परंतु उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं हेड वांकतें, आणि आधींच खाल्लेल्या कडेंतून भडका पाण्याच्या वाटेंत शिरतो.

आतां त्या मालट्रकच्या चालकाचें उपकार ध्यानांत येतील. रेडिएटरचें झांकण पाण्यावर दाब ठेवतें. बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाबाखालीं पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. झांकण उघडतांच दाब नाहींसा होतो आणि तें पाणी तत्क्षणीं वाफ होऊन उसळतें. त्या मुलाचा चेहरा व डोळे केवळ त्या हातानें वांचले. इंजिन पूर्ण निवल्यावांचून तें झांकण कधींही उघडूं नये.

या रोगाचीं लक्षणें अशीं: कोठेंही गळती नसतां पाणी कमी होणें, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणें, रेडिएटरच्या पाण्यांत बुडबुडे उठणें, आणि तेल दुधाळ होणें. मात्र तेलाच्या झांकणाखालीं थोडी पांढरी साय दिसली म्हणून घाबरूं नये. एक लिटर पेट्रोल जळलें असतां सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं, म्हणून त्यांतील कांहीं पाणी आंत सांचून राहतें. याच कारणानें रोज पांच मिनिटें गाडी जागच्या जागीं सुरू ठेवणें निरुपयोगी आहे. बंद खोलींत तर तें प्राणघातक होय. कारण धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

उपाय थोडे व स्वस्त आहेत. पंधरा दिवसांतून एकदां गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवावी. कूलंट कारखान्याच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतींत बदलावें, मग गाडी चालली असो वा नसो. त्यांत जड पाणी न घालतां ऊर्ध्वपातित पाणी मिसळावें. लांबच्या प्रवासापूर्वीं पाणी, तेल, नळ्या व पंखा तपासावा. आणि कांटा तांबड्या खुणेकडे जाऊं लागला, कीं गांव कितीही जवळ असो, गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. हंगामापुरते चालणारे ट्रॅक्टर व पाण्याचीं इंजिनें यांसही हाच नियम लागू आहे.

शुभवर्तमानांतील ज्या दासानें आपलें द्रव्य जपण्यासाठीं जमिनींत पुरून ठेविलें, त्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. आच्छादनाखालीं झांकून ठेविलेल्या मोटारीची, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रींपर्यंत मिटून ठेविलेल्या पुस्तकाचीही, गोष्ट त्याहून फारशी निराळी नाहीं.