शंटिंगचं छोटं इंजिन : पुठ्ठा, मोटर आणि प्रमाणाचं गणित



"रेल्वेचं इंजिन काय करतं?" असं मुलांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "गाडी ओढतं." पण काही इंजिनं कोणत्याच गावाला जात नाहीत. दिवसभर यार्डातच पुढे-मागे करत डबे तोडायचे, जोडायचे, या रुळावरून त्या रुळावर ढकलायचे एवढंच त्यांचं काम. या कामाला शंटिंग म्हणतात. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवरून जाताना गाडी थांबली की खिडकीतून मुलांना हे जरूर दाखवा.

आज आपण असं इंजिन पुठ्ठ्यातून बनवायचं पाहू. हस्तकलेचा तास तर होतोच, पण भागाकार, मापन, वेग, घर्षण आणि विद्युत मंडल हे सगळं एकाच वस्तूत शिकवता येतं.

आधी इंजिनाचं नाव वाचायला शिकू

इंजिनावर लिहिलेली अक्षरं म्हणजे त्याची ओळख. 'डब्ल्यूडीएस' यातलं पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे नॅरोगेज. दुसरं अक्षर इंधन सांगतं : डी म्हणजे डिझेल. तिसरं काम सांगतं : पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही आणि एस शंटिंग. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं डब्ल्यूडीएस-४ हे असंच एक शंटिंग इंजिन. त्याची तिन्ही चाकं बाहेरून दांड्याने एकमेकांना जोडलेली असतात, म्हणजे सगळी चाकं एकदम जोर लावतात.

मुलांना दोन-चार नावं फळ्यावर लिहून द्या. ती कोड्यासारखी सोडवतात.

प्रमाण : खरी गंमत इथे आहे

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या गाड्या 'एचओ' मापाच्या, म्हणजे १ : ८७ प्रमाणाच्या आहेत. खऱ्या वस्तूचे ८७ सेंटीमीटर तिथे १ सेंटीमीटर होतात.

आता भागाकार करायला द्या. जगात सर्वात जास्त वापरला जाणारा रूळ १४३५ मिलिमीटर रुंद. त्याला ८७ ने भागलं की १६.५ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणून ते सुमारे १९.३ येतं. नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, ते सुमारे ८.८ येतं. बाजारात 'एन' नावाच्या आणखी लहान मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे मिळतात. म्हणून एचओ मापात नॅरोगेज गाडी बनवणारे छंदिष्ट तेच रूळ वापरतात.

वर्गात एवढं बारीक काम जमत नाही. आपण १ : ४० घेऊ. १० मीटरचं इंजिन २५ सेंटीमीटरचं होतं, ४ मीटर उंची १० सेंटीमीटरवर येते, ब्रॉडगेज रूळ सुमारे ४.२ सेंटीमीटरचा होतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेंटीमीटर व्यासाचं असतं. तेच आपलं चाक.

साहित्य

जाड पुठ्ठा, फेविकॉल, बाटलीची झाकणं, पिवळी बीओ मोटर (६० आरपीएमची), सेल आणि सेलचा खोका, वायर, एक बटण, रबर बँड, नट-बोल्ट, रंग.

कृती

१. २५ × ८ सेंटीमीटरचा पुठ्ठ्याचा तळ कापा. मऊ असेल तर दोन थर चिकटवा.
२. मोटर तळाखाली बसवा. तिच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना झाकणं घट्ट बसवून त्यावर रबर बँड चढवा.
३. दुसरी दोन झाकणं सायकलच्या आऱ्यावर किंवा सरळ तारेवर बसवा. तार रिफिलच्या नळीतून घातली की ती मोकळी फिरते.
४. वर इंजिनाचं लांब, बुटकं खोकं करा. त्याच्या आत सेल राहतील. केबिन उंच ठेवा आणि दोन्ही बाजूंना खिडक्या द्या. शंटिंगवाल्याला पुढे-मागे दोन्हीकडे सारखंच पाहावं लागतं.
५. जमिनीवर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या चिकटवून वाट करा. ते झाले रूळ.

मोटरच्या दोन्ही वायरी उलट जोडल्या की इंजिन मागे जातं. हे मुलांना सांगू नका, त्यांनाच सापडू द्या.

६० आरपीएमचीच मोटर का?

बहुतेक मुलांना 'सुसाट' इंजिन हवं असतं. पण आपल्या रेल्वेत शंटिंग साधारणपणे ताशी १५ किलोमीटरच्या आतच करतात. आपलं इंजिन या नियमात बसतं का ते पाहू.

झाकणाचा परीघ सुमारे ९.४ सेंटीमीटर. मिनिटाला ६० फेरे म्हणजे सेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला ९.४ सेंटीमीटर. त्याला ४० ने गुणलं की खऱ्या मापात सेकंदाला ३.८ मीटर, म्हणजे ताशी साधारण १३.५ किलोमीटर. बसलं! १०० आरपीएमची मोटर घेतली तर हाच हिशोब ताशी साडेबावीसवर जातो.

मोटरवर लिहिलेला आकडा ठरावीक व्होल्टचा असतो, सेल उतरले की वेगही उतरतो. म्हणून जमिनीवर १ मीटर आखून घड्याळ लावा. साडेनऊ सेकंदांच्या आत अंतर कापलं तर इंजिनाने नियम मोडला!

मोटरमधले दाते वेग कमी करतात आणि त्या बदल्यात जोर वाढवतात. चढावर सायकलचा गिअर बदलतो तसंच हे.

वजनाचा प्रयोग

काडेपेट्यांमध्ये वाळू भरून डबे करा. इंजिन किती डबे ओढतं ते मोजा. चाकं जागेवरच फिरू लागली की थांबा. मग मोटरच्या बरोबर वर १०० ग्रॅम नट-बोल्ट ठेवून पुन्हा मोजा, मग २०० ग्रॅम. तक्ता करा. चाक जमिनीला जितकं जास्त दाबलं जाईल, तितकी पकड जास्त. छंदिष्ट लोकही छोट्या इंजिनात जागा मिळेल तिथे शिसं भरतात ते याचसाठी. त्यांची आणखी एक अडचण असते. त्यांच्या इंजिनाला वीज रुळांतून मिळते. इंजिन आखूड, चाकं कमी, त्यामुळे सांध्यावर किंवा धुळीवर ते चटकन बंद पडतं. मग प्रत्येक चाकाला वीज घेणारी पत्ती लावतात, रूळ पुसतात. आपले सेल इंजिनातच असल्याने ही कटकट आपल्याला नाही.

आता इंजिन 'आपलं' करा

झाडूच्या काड्यांचे कठडे, पुढे-मागे दोन-दोन बटणांचे बफर, कोपऱ्यांवर पायऱ्या. खऱ्या इंजिनावर त्याच्या शेडचं नाव असतं, जसं भुसावळचं बीएसएल. मुलांना आपल्या शाळेच्या नावाची अक्षरं ठरवू द्या.

आणि एका गटाला नॅरोगेजचं इंजिन अवश्य करायला द्या. आपल्या सोयगावपासून शेंदुर्णी जवळ. तिथून पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची छोटी गाडी, आपली 'पीजे', जायची. शंभर वर्षं चाललेली ही गाडी मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. आता तो मार्ग ब्रॉडगेज व्हायचा आहे. आज पहिली-दुसरीत असलेल्या मुलांना पीजे धावताना पाहिल्याचं आठवणं शक्यच नाही. गाडी पुन्हा आली तरी ती मोठ्या रुळावरची असेल.

म्हणून या गटाला गृहपाठ वेगळा : आजी-आजोबांना, शेजारच्या काकांना विचारून या. डब्यांचा रंग कोणता होता? गाडीत बसायला कसं वाटायचं? शेवटच्या स्टेशनावर इंजिन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला कसं यायचं? दोन माणसांनी दोन रंग सांगितले तर दोन्ही वहीत लिहा आणि तिसऱ्याला विचारा. १ : ४० मध्ये पीजेचा रूळ १.९ सेंटीमीटरचा होतो. ब्रॉडगेजच्या ४.२ शेजारी तो मांडला की 'छोटी गाडी' म्हणजे किती छोटी, हे मुलांना न बोलता कळतं.

पालकांनी एवढंच करावं : कापताना जवळ बसावं, पण कात्री मुलाच्याच हातात द्यावी. आणि पीजेबद्दल विचारलं तर पाच मिनिटं वेळ काढून सांगावं.