उणे अठराचा प्रवास

गोठवलेले अन्न म्हणजे उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवलेले अन्न. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, हाच दंडक आहे आणि जगभरही हाच चालतो. आकडा थोडा विचित्र वाटतो, पण फॅरनहाइट मोजपट्टीवरचे शून्य म्हणजेच आपले उणे 17.8. अमेरिकी उद्योगाने सोयीसाठी धरलेले ते शून्य पुढे सगळ्यांच्या अंगवळणी पडले. खरे तर जंतूंची वाढ उणे 10 च्या आसपासच थांबते. उरलेले आठ अंश दोन कारणांसाठी ठेवलेले असतात. एक म्हणजे चरबी खवट होणे, रंग उडणे, विकरांचे काम चालू राहणे हे प्रकार उणे 10 लाही धिम्या गतीने सुरूच असतात. दुसरे म्हणजे वाटेत थोडेफार तापमान चढणार हे गृहीतच धरावे लागते.

गोठवल्याने जंतू मरतात, हा समज मात्र सोडून दिलेला बरा. बहुतेक जंतू नुसते निपचित पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिलेला भात रात्री गोठवला, तर त्यात तोवर तयार झालेले विष गोठलेल्या अवस्थेत जसेच्या तसे टिकते. म्हणून गोठलेला पदार्थ दूर पाठवायचा तर पहिली पायरी खोक्यापाशी नसून स्वयंपाकघरात आहे. पदार्थ झटपट थंड करायचा, 5 ते 60 अंशांच्या धोक्याच्या पट्ट्यातून लवकर बाहेर काढायचा आणि लगेच गोठवायचा.

गोठवण्याचा वेगही तितकाच महत्त्वाचा. अन्नातले बहुतेक पाणी उणे 1 ते उणे 5 या पट्ट्यात गोठते. या पट्ट्यात माल रेंगाळला की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाडतात आणि वितळल्यावर पापलेटातून पाणी सुटून तुकडा भुसभुशीत होतो. कारखान्यातला ब्लास्ट फ्रीझर उणे 35 ते उणे 40 अंशांची हवा वेगाने फिरवून हा टप्पा झटकन ओलांडतो. घरच्या फ्रिजमधला गच्च भरलेला, दिवसातून वीस वेळा उघडला जाणारा फ्रीझर तेच काम कित्येक तास करत बसतो. मग निदान पाकिटे तरी पातळ आणि सपाट करावीत, एकावर एक न रचता पसरून ठेवावीत.

उकडीच्या मोदकावर हे नीट दिसते. मुंबईच्या बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागांत घरगुती मोदक, पुरणपोळ्या, कोथिंबीर वडी करून विकणाऱ्यांची कमी नाही, आणि गणपतीच्या दिवसांत त्यांना पुण्या-बंगळूरहूनही मागणी येते. तांदळाच्या उकडीतला स्टार्च थंड झाला की पुन्हा आवळून घट्ट होतो, आणि हे सर्वांत वेगाने घडते ते 0 ते 5 अंशांत, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. काल ठेवलेला मोदक आज चिवट लागतो तो याचमुळे. हा पट्टा चटकन ओलांडून मोदक पार गोठवला तर आवळण्याची क्रिया थबकते. खायच्या वेळी तो बाहेर ठेवून वितळवायचा नाही, कारण मग तोच पट्टा पुन्हा सावकाश पार होतो. गोठलेलाच मोदक सरळ मोदकपात्रात ठेवायचा. वाफ थेट पोचली की पारी मऊ होते. वाटेत अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या मोदकाची पारी मात्र कळीपाशी तडकते आणि सारण बाहेर डोकावते. असा मोदक कुठल्याही सुगरणीला बघताक्षणी ओळखू येतो.

थंडी दूरवर नेण्याचा खटाटोप मुंबईला नवा नाही. अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून तो भुश्श्यात दडवून जहाजाने भारतात आणण्याचा धंदा बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये सुरू केला. कलकत्त्याला निघालेल्या त्या पहिल्या जहाजावर 180 टन बर्फ होता, आणि चार महिन्यांनी त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता. मुंबईतही हा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघर बांधले गेले. यंत्राने गोठवलेले मांस घेऊन ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून लंडनला गेले ते 1882 मध्ये. तेव्हापासून दोन मार्ग चालत आले आहेत. एकात थंडी बरोबर न्यायची आणि ती संपण्याआधी पोचायचे, दुसऱ्यात थंडी तयार करणारे यंत्रच बरोबर न्यायचे.

मोठा व्यापार दुसऱ्या मार्गाने चालतो. वेसाव्याच्या बंदरात उतरणारी मासळी बर्फाच्या चुऱ्यात असते. ती शून्याच्या आसपास असते, म्हणजे गार असते, गोठलेली नसते. त्यातली निर्यातीजोगी कोळंबी, माकूळ वगैरे तळोज्यासारख्या ठिकाणच्या प्रक्रिया कारखान्यांत जाते. तिथे ती साफ होऊन गोठते आणि गोठल्यावर पाण्यात बुडवून काढली जाते, म्हणजे प्रत्येक नगावर बर्फाचा पातळ पापुद्रा चढतो. हा पापुद्रा नसेल तर कोरडी थंड हवा मासळीतला ओलावा शोषून घेते आणि तिच्यावर पांढुरके, चामड्यासारखे डाग पडतात. अर्थात याच पापुद्र्याचा फायदा घेऊन पाणीही मासळीच्या भावाने विकता येते, म्हणून पाकिटावर बर्फ वगळून निव्वळ वजन किती, ते पाहावे. 1961 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थाही वेसाव्यातच आहे. मासळी पकडल्यावर तिचे काय करायचे, हाही तिच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

कारखान्यातून माल न्हावाशेव्याच्या बंदरात जातो तो रीफरमधून, म्हणजे थंडी करणारे यंत्र बसवलेल्या कंटेनरमधून. रीफर आहे ती थंडी राखतो, माल गोठवत नाही, हे नव्या निर्यातदारांच्या फार उशिरा लक्षात येते. त्याचे यंत्र भिंतींतून झिरपणारी उष्णता बाहेर फेकण्याच्या ताकदीचे असते. उणे 10 अंशांचा माल आत भरला तर तो खाली उणे 18 वर आणण्याची त्याची कुवत नाही. म्हणून माल आधीच पुरता गोठलेला असावा लागतो. थंड हवा खाचा असलेल्या जमिनीतून येऊन मालाच्या भोवतीने वर जाते आणि छताजवळून परत यंत्राकडे वळते. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर खोकी रचली की तिची परतीची वाट बंद होते. ताज्या फळांसाठी असलेली हवेची झडप गोठलेल्या मालासाठी घट्ट बंद हवी. एवढे पाळले तर अमेरिकेपर्यंतचा महिनाभराचा समुद्रप्रवास गोठलेल्या पराठ्यांना आणि मोदकांना सोसतो. त्या मानाने अंधेरी ते बंगळूर हा दोन दिवसांचा प्रवास जास्त बिकट ठरतो, कारण तिथे खोक्याला यंत्र नसते.

छोट्या पार्सलाचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. बाहेरून 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरचा, 4 सेंटिमीटर जाड भिंतींचा थर्माकोलचा खोका घेतला, बाहेर मे महिन्यातली 33 अंशांची हवा आणि आत उणे 20 धरले, तर भिंतींतून साधारण 23 वॉट उष्णता आत येत राहते. एक एलईडी ट्यूबलाइट खोक्यात सतत जळत ठेवावी तसाच हा प्रकार. भिंत 2 सेंटिमीटरची असली की हीच उष्णता दुप्पट होते. खोक्यात तीन किलो मासळी असेल आणि बरोबर काहीच नसेल, तर ती उणे 18 वरून उणे 5 वर यायला दोन-अडीच तास लागतात. म्हणजे नीट भरलेला जाड खोका अंधेरीहून मुलुंडला नुसता नेला तरी चालेल, फक्त जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने साथ द्यायला हवी.

यात एक मोठी फसगत दडलेली आहे. उणे 5 ला आलेला माल हाताला दगडासारखाच कडक लागतो. पूर्ण वितळायला त्याला आणखी कितीतरी तास लागतात. ‘अजून कडक आहे, म्हणजे ठीक आहे’ ही पावती म्हणूनच फोल आहे. पाकिटांच्या मध्ये सरकवलेला साधा डिजिटल थर्मामीटर खरे सांगतो, हात सांगत नाही.

मग खोक्यात काय ठेवायचे? सर्रास वापरले जाणारे निळे जेल पॅक शून्य अंशाला वितळतात, तर मासळी वितळू लागते उणे 1 ते उणे 2 अंशांनाच. म्हणजे जेल वितळण्याआधी मासा वितळतो. दही, पनीर, ताजी मासळी यांना जेल पॅक उत्तम, गोठलेल्या मालाला ते कुचकामी. उणे 21 च्या आसपास वितळणारे मिठाच्या द्रावणाचे पॅक मिळतात आणि ते पुन्हा वापरताही येतात, पण ते गोठवायला त्याहून थंड डीप फ्रीझर लागतो. घरच्या फ्रिजमध्ये ते पातळच राहतात.

उरतो कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. तो उणे 78.5 अंशांना असतो आणि न वितळता थेट वायू होतो. एक किलो कोरडा बर्फ वायू होताना 571 किलोज्यूल उष्णता घेतो, तर साधा बर्फ वितळताना 334. वर मोजलेल्या खोक्यात दिवसाला तीन-साडेतीन किलो कोरडा बर्फ खर्ची पडेल, म्हणजे बंगळूरच्या दोन दिवसांसाठी सहा-सात किलो. तीन किलो मोदकांसाठी दुप्पट बर्फ, हा हिशेब ऐकून बरेच जण कचरतात आणि किलोभर टाकून काम भागवतात. त्यापेक्षा भिंती जाड घ्याव्यात किंवा रात्रीच्या विमानाने पाठवून प्रवासाचे तासच कमी करावेत. बर्फ मालाच्या वर ठेवावा, कारण थंड वायू खाली उतरतो. मध्ये पुठ्ठा घालावा आणि मोकळी जागा कागदाचे बोळे कोंबून भरावी.

कोरड्या बर्फाशी खेळ नको. एक किलोपासून पाचशे लिटरांहून जास्त वायू तयार होतो. झाकणाला चहूबाजूंनी चिकटपट्टी मारून खोका हवाबंद केला तर तो फुटतो, म्हणून वायूला वाट ठेवावीच लागते. हा वायू हवेपेक्षा जड असतो. काचा लावून एसी चालवलेल्या टॅक्सीत असा खोका मांडीवर घेऊन जाणे म्हणजे गुदमरण्याला निमंत्रण. कोरडा बर्फ उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते. तोंडात तर कधीच जाता कामा नये. 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवास म्हणून चुकून कोरडा बर्फ दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. विमान वाहतुकीच्या नियमांत तो घातक मालात मोडतो. सहारच्या विमानतळावरून माल म्हणून पाठवताना खोक्यावर यूएन 1845 हा क्रमांक, नवव्या वर्गाची खूणचिठ्ठी आणि बर्फाचे निव्वळ वजन लिहावे लागते. प्रवाशाला सोबत जास्तीत जास्त अडीच किलो नेता येतो, तोही विमान कंपनीच्या परवानगीनेच. ‘खाऊ आहे’ एवढे सांगून असे खोके कुरियरच्या काउंटरवर देणारे लोक स्वतःबरोबर दुसऱ्यांनाही धोक्यात घालतात.

बोरिवलीहून रात्री सुटणाऱ्या खासगी बसच्या डिकीत पार्सल टाकणे स्वस्त पडते आणि लोक सर्रास टाकतात. ही डिकी इंजिन आणि तापलेल्या रस्त्याच्या मध्ये असते, बस कधी पोचेल याची हमी नसते आणि पलीकडे खोका फुटपाथवर उतरवून ठेवला जातो. आंब्याच्या पेटीला ते चालते. गोठलेल्या सुरमईला बसची डिकी वर्ज्य समजावी. गोठलेला माल बहुधा प्रवासात बिघडत नाही, या हातातून त्या हातात जाताना बिघडतो. गोदामाचा दरवाजा उघडा ठेवून टेम्पो भरणे, विमानतळावर उन्हात थांबलेली ट्रॉली, पत्ता न सापडल्याने दुपारभर फिरणारी स्कूटर, ही ती ठिकाणे. शुक्रवारी पाठवलेले पार्सल रविवारी कुणाच्या तरी गोदामात पडून राहते, म्हणून जाणकार सोमवार ते बुधवारच पाठवतात.

माल घेणाऱ्याने खोका लगेच उघडावा. पाकिटाच्या तळाशी गोठलेल्या पाण्याची लादी दिसली, सुटे असायला हवे ते मटार किंवा कोळंबी यांचा एकच गोळा झाला असेल, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला आहे. आत अजून बर्फाचे कण असतील आणि तापमान 5 अंशांच्या आत असेल, तर तो शिजवून खाता येतो. पुन्हा गोठवलाही तरी चालतो, चव मात्र उतरते. दोन तासांहून जास्त वेळ पुरता वितळून उबदार राहिलेला माल टाकून द्यावा. बंगडा, सुरमई, कुपा या माशांबाबत तर जराही हयगय नको. ऊब मिळाली की त्यांच्यात हिस्टामिन तयार होते. त्याने तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. ते गोठवून जात नाही, तळून जात नाही, आणि पुष्कळदा वासावरूनही कळत नाही.

वीज गेल्यावरही हीच कसोटी लावावी. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि उपनगरांच्या काही भागांत ती बराच वेळ आली नाही. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर सुमारे 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. त्या दिवशी दर अर्ध्या तासाने दार उघडून ‘वितळले का’ पाहणाऱ्यांचेच जास्त नुकसान झाले असणार.

शेवटचा टप्पा सोसायटीच्या फाटकाशी असतो. घरी कुणी नसले की पार्सल वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवले जाते, आणि पत्र्याच्या त्या केबिनमध्ये दुपारी पंखाही कोमट हवा फेकतो. मुंबईहून बंगळूरपर्यंत शाबूत आलेला माल तिथे चार तासांत जातो. म्हणून पाठवणाऱ्याने निघण्याची आणि पोचण्याची वेळ फोनवर कळवावी, खोक्यावर ‘गोठलेला माल, लगेच फ्रीझरमध्ये ठेवा’ असे मराठी-हिंदी-इंग्रजीत ठळक लिहावे, आणि घेणाऱ्याने ज्या दिवशी घरी कुणी नसेल त्या दिवशी असा माल मागवू नये.