टक् टक्! पोर्ट उघडं आहे का?

दोस्तांनो, समजा तुम्हाला माटुंग्याला मामाकडे जायचंय. 'मुंबई ४०००१९' हा पिनकोड आणि इमारतीचं नाव हाताशी आहे. पण इमारत सापडली म्हणजे मामा भेटले असं नाही. खोली नंबर शोधून कडी वाजवावी लागते!

संगणकाचंही तसंच. त्याचा आयपी पत्ता म्हणजे इमारत आणि 'पोर्ट' म्हणजे खोली नंबर. शेवटचा नंबर किती, ठाऊक आहे? ६५५३५! ८० आणि ४४३ नंबरवर वेबपानं मिळतात, तर २५ वर ई-मेलची ने-आण चालते.

'पिंग' ही आज्ञा फाटकातूनच हाक मारते. अमेरिकेतल्या माइक मूस यांनी ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि सोनार यंत्राच्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं. खोलीचं दार वाजवायचं काम मात्र 'टेलनेट' आणि 'नेटकॅट' करतात.

करून पाहायचंय? लिनक्स किंवा मॅक असेल, तर आईबाबांना विचारून एका रिकाम्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. रोमन अक्षरांत टाइप करा: 'पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००'. झाली खोली उघडी! आता दुसऱ्या खिडकीत: 'एनसी -व्हीझेड १२७.०.०.१ ८०००'. (१२७.०.०.१ म्हणजे आपलाच संगणक.) 'सक्सीडेड' असं उत्तर आलं? शाब्बास! आता पहिल्या खिडकीत कंट्रोल आणि सी दाबून सर्व्हर बंद करा आणि पुन्हा दार वाजवा. या वेळी उत्तर येईल, 'रिफ्यूज्ड'. म्हणजे इमारत आहे, पण या खोलीत कुणी राहत नाही.

तिसरी गंमत 'टाइमआउट'. वाट पाहून पाहून कंटाळा येतो, पण उत्तरच नाही! बहुधा 'फायरवॉल' नावाच्या वॉचमनने निरोप आत जाऊच दिला नाही, किंवा वाटच तुटली आहे. बिघाड कुठे शोधायचा, ते या तीन उत्तरांवरून कळतं. उद्या माटुंग्याच्याच व्हीजेटीआयमध्ये संगणक शिकायला गेलात, तर ही युक्ती तिथेही उपयोगी पडेल.

मात्र एक लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या इमारतीतली दारं वाजवत फिरणाऱ्याला आपण काय म्हणू? प्रयोग आपल्याच संगणकावर करा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही बसत नाही.

जाता जाता कोडं: पिंगला उत्तर नाही, तरी ४४३ नंबर उघडा. असं कसं?
उत्तर: वॉचमन फाटकातल्या हाकेला ओ देत नाही, पण पाहुण्यांना आत सोडतो!