गंजाखालचा नंबर

मारुती ८०० च्या इंजिनाचं आकारमान ७९६ घनसेंटिमीटर, तेही तीन सिलिंडर मिळून. १९६७ च्या शेल्बी जीटी ५०० या अमेरिकन गाडीत सात लिटरचं व्ही-८ इंजिन असायचं. भागाकार करून पाहा: तिचा एकेक सिलिंडर पावणेनऊशे घनसेंटिमीटरच्या आसपास भरतो. ज्या गाडीत आईबाबा, दोन पोरं आणि आजी दाटीवाटीनं बसून वर्ध्याहून नागपूरला लग्नाला जायची, तिच्या अख्ख्या इंजिनाहून या गाडीचा एक सिलिंडर मोठा. आणि असे आठ!

अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. गाडी बेताच्या आकाराची, किंमत तरुण नोकरदाराला झेपेल अशी, आणि इंजिन मात्र थोराड. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून या गाड्यांची लाट सुरू झाली असं मानतात. तिची ताकद सव्वातीनशे अश्वशक्तीची होती. पुढे धुराचे नियम आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ ला तेलाचं संकट आलं आणि दहाएक वर्षांतच ही लाट ओसरली.

आपल्याकडे त्या शोरूममधून विकल्या गेल्याच नाहीत. त्याआधी अमेरिकन गाड्या मुंबईतच जोडल्या जात. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून शेवरोले बाहेर काढत होता, फोर्डचंही बस्तान मुंबईत होतं. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ तयार होत. पण १९५३ च्या सुमारास सरकारनं ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. गाडी बनवायची तर ती टप्प्याटप्प्यानं इथेच बनवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला. त्यामुळे विदर्भातल्या एखाद्या वाड्यात आज जुनी मोटार सापडलीच, तर ती त्याआधीची फोर्ड किंवा शेवरोले असेल, नाहीतर नंतरची जीप, ॲम्बेसेडर, फियाट.

वर्ध्यातली सर्वांत नामांकित मोटार तर एक फोर्डच होती. जमनालाल बजाज यांची. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. वर्ध्यापासून अंतर आठेक किलोमीटर. त्या काळी ही फोर्ड बैल ओढत असत. फोर्डची बॉडी, फोर्डची गादी आणि पुढे बैलांची जोडी. बैलाला इंग्रजीत काय म्हणतात हे माहीत असणाऱ्यांनी तिचं नाव ‘ऑक्सफर्ड’ पाडलं आणि तेच रूढ झालं. मोटारीला दुसरा जन्म देण्याचा याहून साधा मार्ग माझ्या माहितीत नाही. मला मात्र सांगायचं आहे ते दुसऱ्या, फार अवघड मार्गाबद्दल: वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेली गाडी पुन्हा स्वतःच्या पायांवर कशी उभी राहते त्याबद्दल. आणि त्यातली पहिली नवलाची गोष्ट अशी, की हे काम पान्यानं सुरू होत नाही, कागदानं होतं.

मार्च २०१८. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या उत्तर भागात, एका मोकळ्या रानात, फोर्डची एक मस्टँग उभी होती. तिचं टोपणनाव ‘लिटल रेड’. कॅरॉल शेल्बी यांच्या कंपनीनं १९६७ साली केलेली ही प्रयोगाची गाडी. जीटी ५०० सहसा उतरत्या पाठीच्या बॉडीत यायची. ही मात्र साध्या, मागे डिकीची पायरी असलेल्या कूपे बॉडीत होती. तिच्यावरून १९६८ ची ‘कॅलिफोर्निया स्पेशल’ ही गाडी सुचली आणि ती बाजारात आली. आई मात्र नाहीशी झाली. प्रयोगाच्या गाड्या काम संपलं की चेपून भंगारात टाकत, हिचंही तेच झालं असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तरी हौशी लोक पन्नास वर्षं शोधत राहिले.

कुणालाच का सापडली नाही? शेल्बींची कंपनी फोर्डच्या कारखान्यातून मस्टँग घ्यायची, तिच्यात बदल करायची आणि तिला आपला वेगळा नंबर द्यायची. म्हणजे एकाच गाडीला दोन नंबर. जो तो शेल्बीचा नंबर घेऊन शोधत होता. जुन्या गाड्यांचे संग्राहक क्रेग जॅक्सन यांच्या चमूनं फोर्डचा मूळ नंबर धरून जुन्या नोंदी धुंडाळल्या. सरकारी दफ्तरात गाडी त्याच नंबरानं नोंदलेली होती. त्यावरून शेवटचा मालक सापडला आणि मालकाकडे गाडी.

तो फोर्डचा नंबर वाचायला शिकलं की अंगावर काटा येतो. त्या काळच्या मस्टँगवर तो बॉनेट उघडल्यावर चाकावरच्या आतल्या पत्र्यात ठोकलेला असे. पहिला आकडा वर्षाचा: ७ म्हणजे १९६७ चं मॉडेल. मग एक अक्षर कारखान्याचं. पुढचे दोन आकडे बॉडीचे: ०१ म्हणजे कूपे, ०२ म्हणजे उतरत्या पाठीची, ०३ म्हणजे उघड्या टपाची. त्यानंतर इंजिनाचं अक्षर आणि शेवटी गाडीचा अनुक्रम. पन्नास वर्षांचं ऊन खाऊन रंग उडालेला असतो, पण पत्र्यातली खोलगट अक्षरं राहतात. बोटानं चाचपली तरी लागतात. पत्रा कुजून गेला आणि नंबर गेला, की गाडी कितीही सुंदर करा, ती कोण हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता गंज. लोखंडावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि थोड्या वेळानं भिंगातून पाहा. गंजाचं कडं थेंबाच्या काठाकडे दिसतं, खड्डा मात्र मधोमध पडतो. काठापाशी हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. या फरकामुळे त्या इवल्याशा थेंबात विजेचा घट तयार होतो: मधलं लोखंड विरघळतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून काठाकडे धावतात आणि तिथे पाणी व ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो. पावसात उभ्या गाडीवर असे लाखो घट एकाच वेळी चालू असतात! त्यात क्षार मिसळले, म्हणजे माती, शेण, सडका पाला, की वीज आणखी सहज वाहते. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज पहारीसारखा आतून जोर लावतो आणि वेल्डिंगचे टाके उकलून टाकतो.

आपला वर्धा जिल्हा याबाबत गाडीची दुहेरी परीक्षा घेतो. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. रबराच्या पट्ट्या, वायरींची आवरणं, डॅशबोर्ड तडकतात. मग जून ते सप्टेंबर हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, चाकं रुततात आणि गाडीचं पोट जमिनीला टेकतं. दिवाळीपर्यंत खालून ओल चालूच. कडुलिंबाच्या सावलीत ठेवलेली गाडी सुरक्षित वाटते, पण पाला पुढच्या काचेखालच्या जाळीत साचतो, तिथे कुजतो आणि आतला पत्रा गुपचूप खातो. त्या पिढीच्या मस्टँगचं तर हेच सर्वांत बदनाम दुखणं होतं. वरून गाडी ठणठणीत दिसते, पाणी मात्र पायाशी टपकतं.

अशा गाडीचं निदान करायला एक लोहचुंबक पुरतं. पत्र्यावरून फिरवत जा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्रा नाही, कुणीतरी लांबी भरून वर रंग मारलेला आहे. आणि छोटे सुटे भाग गंजमुक्त करायला घरचीच सामग्री चालते: प्लास्टिकचा टब, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. थेंबात जे घडत होतं त्याची दिशा इथे उलटी केली जाते. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सुटा होतो, काही अंशी काळा पडतो, आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. काम उघड्या हवेत करायचं, कारण हायड्रोजन पेटतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही. त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

इंजिन ही वेगळीच कथा. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजानं चिकटतात. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन जाम आहे.’ इथे उतावळा माणूस नवी बॅटरी लावून स्टार्टर मारतो आणि होतं नव्हतं ते मोडतो; रिंगा तुटतात, बोअरवर ओरखडे उठतात. जाणता माणूस आधी सगळे स्पार्क प्लग काढतो. इंजिनाच्या मानानं प्लगची भोकं अगदी लहान वाटतात, पण आत जायला तेवढीच वाट असते. तिथून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो. बरेच जण ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं मिसळून वापरतात. मग थांबतो. तेल रिंग आणि भिंत यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत स्वतःहून शिरतं, जसं वातीत चढतं तसं. काही दिवसांनी क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून अगदी थोडा जोर द्यायचा. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. आणि मग एखाद्या दिवशी पाना बोटभर सरकतो. पुढे नेण्याची घाई करायची नाही. मागे, पुढे, मागे, पुढे. सुटलेला गंज तेलासोबत बाहेर निघू द्यायचा. ज्यानं हा क्षण हातात अनुभवला आहे, त्याला यंत्र निर्जीव असतं हे पटवून देणं कठीण.

टाकीतल्या पेट्रोलचं तोवर वार्निश झालेलं असतं. ते कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन घट्ट बसतं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषत शोषत आतूनच सिलिंडर गंजवतं. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. हे सगळं निघतं, साफ होतं, नव्यानं बसतं.

खरा पेच पुढे येतो: किती नवं करायचं? लिटल रेडच्या चमूनं एक सुंदर गोष्ट केली. त्यांनी लोकांना जाहीर आवाहन केलं, की या गाडीचे जुने फोटो, कागद, आठवणी असतील तर आणून द्या, आणि त्या पुराव्यांवर काम उभं केलं. जानेवारी २०२० मध्ये गाडी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला लोकांपुढे आली. प्रयोगाची गाडी म्हटली की तिच्यावर असलेलं एखादं जादा भोकसुद्धा कुणीतरी काहीतरी बसवून पाहिल्याची खूण असू शकतं. ते बुजवलं की तेवढा इतिहास बुजला. आमच्या सेवाग्रामची बापू कुटी मातीची आहे. ती लिंपत राहावी लागते, तरी तिला कुणी नवी म्हणत नाही, कारण आकार, माप आणि पद्धत तीच ठेवली आहे. मोटारीलाही हाच नियम लावावा असं माझं ठाम मत आहे. गंज थांबवा, मोडलेलं दुरुस्त करा, पण शाबूत असलेला मूळ रंग खरवडून आरशासारखी चकाकी आणू नका. फिकटलेला रंग गाडीवर एकदाच असतो. नवा रंग केव्हाही मारता येतो.

आपल्याकडे कायदाही याच बाजूचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी खासगी दुचाकी किंवा चारचाकी, जिची चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नाहीत, ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. बदल करून ‘मॉडर्न’ केलेली जुनी गाडी मात्र या नियमात बसत नाही.

तेव्हा आर्वी, हिंगणघाट, देवळी, पुलगाव, कुठेही, तुमच्या किंवा नातलगाच्या वाड्यात, गोठ्यामागे, जिनिंगच्या आवारात एखादी जुनी मोटार, जीप किंवा मोटारसायकल पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी चार गोष्टी करा. चेसिस नंबर शोधा आणि त्यावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्या. जुनं आरसी बुक शोधा. नोंदणी याच कागदावर अडते. चारही बाजूंनी आणि बॉनेट उघडून फोटो काढा. चाकांखाली विटा देऊन गाडी मातीपासून वर उचला आणि काचेखालचा पाला काढून टाका. खर्च जवळपास शून्य. आणि किल्ली मिळाली तरी, मेकॅनिकनं इंजिन हातानं फिरवून पाहिल्याशिवाय ती लावू नका.