समजून घ्या : मार्क न देता अभ्यास तपासता येतो का? ज्यू धर्मशिक्षणातलं उत्तर

अहिल्यानगरच्या झेडपी शाळांमध्ये पाचवी आणि आठवीच्या निकालाला आता वेगळंच वजन आलंय. 2023-24 पासून राज्यात या दोन वर्गांची वार्षिक परीक्षा पास होणं गरजेचं झालंय. नापास झाल्यास पुनर्परीक्षा आणि तिथेही अडलं तर पुन्हा तोच वर्ग.

मग मूल शिकलं की नाही, हे मार्कांशिवाय कळूच शकत नाही का? ज्यू धर्मशिक्षणाची जुनी परंपरा म्हणते, कळतं.

कसं?

जोडीने अभ्यास : याला 'हेवरुता' म्हणतात. दोघं मिळून धर्मग्रंथ मोठ्याने वाचतात, अर्थावर वाद घालतात. समजलं नसेल तर जोडीदारासमोर लगेच उघडं पडतं.

सगळ्यांसमोर वाचन : मुलगा 13 वर्षांचा झाला की 'बार मित्झवा' होतो. तो सिनेगॉगमध्ये तोराह वाचतो. हस्तलिखितात स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे तयारीशिवाय वाचणं अवघड. अर्थ बदलणारी चूक झाली तर तिथेच दुरुस्त करून तो शब्द पुन्हा वाचून घेतात. नापासचा शिक्का बसत नाही.

प्रश्न विचारणं : वल्हांडणाच्या रात्री 'हगादा' वाचतात. त्यात घरातलं सर्वांत लहान मूल प्रश्न विचारतं. हगादात चार स्वभावांची मुलं आहेत आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंसाठी 1874 मध्ये पुण्यात मराठी हगादा छापली गेली होती.

अर्थात, आजच्या अनेक ज्यू शाळांमध्ये मार्क आणि प्रगतिपुस्तकही असतंच.

आपल्याकडे काय?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. म्हणून शिक्षक वर्णनात्मक नोंदी ठेवतात. नव्या शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक तर मुलाला स्वतःबद्दल विचारतं, शिवाय वर्गमित्र आणि पालकांचंही मत घेतं. हेवरुताच्या जवळ जाणारीच ही कल्पना.

अडचण कुठे?

वेळेची. बार मित्झवाची तयारी करून घेणारा शिक्षक एकेका मुलासोबत बसतो. प्राथमिक शाळेत कायद्यानेच 30 मुलांमागे एक शिक्षक धरलाय. घाईत लिहिलेली 'प्रगती समाधानकारक' ही नोंद मार्कांइतकीच मुकी असते.

त्यामुळे निकाल हातात आला की शिक्षकांना एवढं नक्की विचारा : माझं मूल नेमकं कुठे अडतंय? पुनर्परीक्षेआधी हे उत्तर मिळालं, तर वर्ष वाचू शकतं.