हलणारी घोडी

2005 सालच्या जूनमध्ये, चिरंजीवांचा दहावीचा निकाल लागल्यावर, कबूल केल्याप्रमाणे मी त्यांना घेऊन धोबी तलावाजवळच्या वाद्यांच्या एका दुकानात गेलो. इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. दुकानदाराने काउंटरवर दोन गिटारी ठेवल्या. दिसायला जुळ्या बहिणी. एकीच्या तारांच्या बुडाशी मात्र एक बारीक, वाकवलेली पोलादी दांडी होती. मुलाचा हात सरळ त्या दांडीकडे गेला. त्याने तारा छेडल्या, दांडी दाबली आणि सगळा आवाज झोक्यासारखा खाली जाऊन वर आला.

"ही दांडी कशाला?" मी विचारलं.

"सूर हलवायला, साहेब."

"आणि ही दुसरी, बिनदांडीची?"

"ती सुरात राहते."

आयुष्य कर्जांच्या फायली तपासण्यात गेलेल्या माणसाला एवढं वाक्य पुरेसं होतं. शिवाय बिनदांडीची दीड हजाराने स्वस्त होती. मी ती घेतली. मुलगा काही बोलला नाही. सोळा वर्षांची मुलं बोलत नाहीत, ते आपण संमती म्हणून जमा धरतो.

त्या दुकानात मला जे ठाऊक नव्हतं ते निवृत्तीनंतरच्या रिकामपणात मी पुष्कळ वाचलं. तारा जिच्यावरून जातात ती गिटारची पट्टी, म्हणजे आपल्या तंबोऱ्याची घोडी, तिला ब्रिज म्हणतात. साध्या गिटारीत तो लाकडावर पक्का बसवलेला असतो. पोलादी तारांच्या नेहमीच्या संचात सहा तारांची मिळून ओढ साधारण 40 ते 45 किलोंची असते. ती सगळी ते लाकूड निमूटपणे सोसतं. प्रत्येक तारेचा हिशेब स्वतंत्र. एक तुटली तर बाकीच्या पाचांना त्याची खबरही लागत नाही.

दांडीच्या गिटारीत तसं नाही. तिथे ब्रिज पुढच्या कडेवर दाराच्या बिजागरीसारखा टेकलेला असतो. त्याच्या पोटाखाली धातूचा एक जड ठोकळा लाकडाच्या आरपार मागे जातो आणि तिथे तीन ते पाच स्प्रिंगा त्याला धरून ठेवतात. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. ब्रिज तरंगता ठेवला तर दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तिथे तो थांबतो. दांडी दाबली की तारा सैल होतात आणि सूर उतरतो. सोडली की स्प्रिंगा ब्रिज जागेवर आणतात. निदान आणाव्यात अशी अपेक्षा असते.

हा शुद्ध ताळेबंद आहे हे कुठल्याही कारकुनाच्या लक्षात येईल. जमा आणि नावे सारखे आहेत तोवर शांतता. एक तार तुटली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. एक तार बोटाने ताणली तर बाकीच्या किंचित उतरतात. एक खुंटी पिळावी तर पाच तारा तक्रार घेऊन येतात. एकत्र कुटुंबाची पतपेढीच म्हणा.

हे जमवलं लिओ फेंडर या गृहस्थाने. कॅलिफोर्नियातला हा माणूस शिकला होता हिशेबनीसी. मंदीच्या काळात खातेवह्यांची नोकरी गेली म्हणून त्याने 1938 मध्ये फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. त्याला गिटार वाजवता येत नसे. हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. पुढे टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झालेली त्याची पहिली गाजलेली गिटार 1950 ची, पक्क्या ब्रिजची, फळीसारखी सरळसोट. 1954 मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर, पाच स्प्रिंगांची. त्या साली तिची किंमत दांडीसह 249 डॉलर 50 सेंट आणि दांडीविना 229 डॉलर 50 सेंट होती. म्हणजे सूर हलवण्याच्या सोयीचा भाव 20 डॉलर. हिशेबनीसाने दोन्ही पर्याय खुले ठेवले होते.

एका बाबतीत मात्र त्याने नोंद चुकीच्या खात्यात केली. या यंत्राला त्याने 'ट्रेमोलो' म्हटलं. संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाजाचं लहानमोठं होणं. सुराची उंची हलते त्याला व्हायब्रॅटो म्हणतात. उलट आवाज लहानमोठा करणारी जी सोय त्याच्या अॅम्प्लिफायरमध्ये होती, तिला त्याने व्हायब्रॅटो हे नाव दिलं! दोन्ही नोंदी उलट्या, आणि सत्तर वर्षं झाली तरी कोणी दुरुस्त केल्या नाहीत. आमच्याकडे असं झालं असतं तर ऑडिटरने रविवारीसुद्धा बसवून ठेवलं असतं.

कल्पना अर्थात त्याच्या आधीची. डॉक कॉफमनने तीसच्या दशकात अशी दांडी काढली होती. तिने मर्ल ट्रॅव्हिस या वादकाची गिटार सुरात राहीना, तेव्हा पॉल बिग्स्बी या मोटारसायकलवेड्या कारागिराने त्याच्यासाठी नवीनच यंत्र बनवलं. हे कॉफमन चाळिशीच्या दशकात फेंडरचे भागीदार होते. म्हणजे सूर हलवा आणि परत जागेवर आणा, या एकाच दुखण्यावर दोन-तीन डोकी लागोपाठ झिजली.

आता कोणी म्हणेल, की हलवायचा कशाला सूर? हा प्रश्न आपल्याकडे तरी कोणी विचारू नये. मींड नसलेलं गाणं आपल्याला गाणं वाटत नाही. पेटीला मींड येत नाही, हा तिच्यावरच्या आरोपपत्रातला मोठा मुद्दा होता आणि आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं तिला दारात उभं केलं नव्हतं. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राला हे किती लागलं असेल!

पक्क्या ब्रिजची गिटार काही पेटी नव्हे. सतारीसारखी तिची तारही पडद्यावर आडवी ओढता येते. पण ओढल्याने सूर चढतो. वाजलेल्या पडद्याच्या खाली तो नेता येत नाही, आणि सहा तारांचा अख्खा स्वरगुच्छ एकदम हलवणं तर बोटांना जमतच नाही. दांडीचं खरं काम हे आहे. 1960 मध्ये 'अपाची' या धूनमध्ये हँक मार्विनने ते किती हलक्या हाताने केलं! त्याची ती स्ट्रॅटोकास्टर अमेरिकेहून मागवून दिली होती क्लिफ रिचर्डने, जो जन्मला आपल्या लखनौत. आणि 18 ऑगस्ट 1969 च्या सकाळी वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना तीच दांडी अशी दाबली, की व्हिएतनामच्या त्या दिवसांत ऐकणाऱ्यांना बॉम्ब पडल्याचा भास झाला. बोटांनी तेवढं खाली जाताच आलं नसतं.

हे वाचत असताना मला अचानक 2007 मधली एक संध्याकाळ आठवली. डोंबिवलीच्या घरात मुलगा गिटार वाजवत होता. एक स्वरगुच्छ छेडून त्याने गिटारीची मान डाव्या हाताने धरून पुढे ढकलली. सूर लवला. पुन्हा ढकलली, जरा जोरात. मी पेपर फेकून ओरडलो, "मोडशील ती! पैसे झाडाला लागतात का?" मानेच्या सांध्याशी रंगाला बारीक तडा गेलेलाही होता. तो मी त्याला बोट ठेवून दाखवला. बारावीनंतर गिटार माळ्यावर गेली. अभ्यास वाढला, असं मी सगळ्यांना सांगत असे.

दांडी नसलेले वादक मान ढकलून सूर उतरवतात, ही जुनी युक्ती आहे, असं वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. जे मी दीड हजारांसाठी नाकारलं होतं ते पोरगं अंगच्या जोरावर मिळवू पाहत होतं, आणि त्याबद्दल मी त्याला रागावलो होतो.

गेल्या दिवाळीत ती गिटार माळ्यावरून काढून मी पुण्याला त्याच्याकडे घेऊन गेलो. नव्या तारा चढवल्या. पाच मिनिटांत लागली आणि संध्याकाळभर हलली नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मुलाने मग आतल्या खोलीतून आपली आणली, चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून घेतलेली, दांडीची. मला त्याने सांगितलंच नव्हतं. मी दांडी दाबली. ढिम्म! त्याने गिटार पालथी घालून मागचं झाकण उघडलं. ठोकळ्याच्या मागे एक लाकडाचा तुकडा घट्ट ठोकला होता.

"एरिक क्लॅप्टनही असंच करायचा," तो म्हणाला.

ते खरं आहे. तीन गिटारींचे भाग जोडून केलेली क्लॅप्टनची 'ब्लॅकी', जी 2004 मध्ये लिलावात 9 लाख 59 हजार 500 डॉलरला गेली, तिचा ब्रिज त्याने लाकूड घालून पक्का केला होता. उलट फ्लॉइड रोजने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ताराच दोन्ही टोकांना कुलूपबंद केल्या, म्हणजे कितीही हलवा, परत जागेवर. पण त्या मूळ बनावटीत नवीन तार घालायची तर आधी तिच्या टोकाची गोळी कापावी लागते. भर कार्यक्रमात तार तुटली तर करा मग खटाटोप.

"पण मग दांडीची घेतलीस कशाला?" मी विचारलं. "पक्की होतीच की घरात."

"लाकूड काढता येतं, बाबा."

तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. लाकूड निघताच ब्रिज मागून उचलला गेला आणि सहाही तारा एकदम उतरल्या. तो मागचे दोन स्क्रू थोडेथोडे पिळत राहिला, मी मांडीवर गिटार धरून खुंट्या फिरवत राहिलो. पहिली लागली की सहावी उतरे, सहावी चढवली की तिसरी. सूनबाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा चार तारा लागल्या होत्या.