लहान मोटारीची शक्ती वाढवताना

लहान मोटार बाळगणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यात एक क्षण हटकून येतो. घाटाचा चढ लागलेला असतो, गाडीत चार माणसे आणि त्यांचे सामान असते, आणि मागून आलेली मोठी मोटार भोंगा वाजवीत सहज पुढे निघून जाते. 'आपल्याही एंजिनात आणखी थोडा जोर असता तर!' असे त्या वेळी मालकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या दिवशी तो एखाद्या गॅरेजमध्ये जातो, आणि तेथे दहा माणसे त्याला दहा उपाय सुचवितात. खिशातील पैसे मात्र मोजकेच असतात. अशा वेळी कोणता उपाय आधी करावा, कोणता मागाहून, आणि कोणता मुळीच करू नये, हे ठरवावयाचे कसे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एंजिन काय करते ते पाहू. पेट्रोल जाळून शक्ती मिळते हे आपण सर्वच जाणतो. परंतु पेट्रोल जाळण्यास हवा किती लागते याची कल्पना फार थोड्यांना असते. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. वजनाऐवजी आकारमानाने बोलावयाचे तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा! टाकीतून पेट्रोल अधिक सोडणे हे सोपे काम आहे. कठीण काम आहे ते त्याच्या जोडीला हवा आत घेण्याचे. म्हणून एंजिन हा वस्तुतः हवेचा पंप आहे असे म्हटले तरी चालेल. त्याची शक्ती वाढविण्याचे मार्गही मग मोजकेच उरतात. दर फेरीस अधिक हवा आत घ्यावी, आत आलेले मिश्रण अधिक दाबून पेटवावे, किंवा दर मिनिटास अधिक फेऱ्या कराव्यात. बाजारात मिळणारा प्रत्येक खरा उपाय या तिहींपैकी कोणत्या तरी एका घरात बसतो. जो कोठेच बसत नाही, त्याविषयी संशय धरावा हे उत्तम.

या शास्त्राचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील 'मिनी' या मोटारीचे आहे. ही गाडी 1959 साली बाजारात आली. तिचे एंजिन 848 घनसेंटीमीटरचे असून त्याची शक्ती 34 अश्वशक्ती होती. गाडीचे वजन सुमारे सहाशे किलो. 'द मोटर' या इंग्रजी नियतकालिकाने तिची परीक्षा घेतली, तेव्हा तिचा परमवेग ताशी 72.4 मैल, म्हणजे सुमारे 116 किलोमीटर भरला. आणि स्थिर अवस्थेतून ताशी 60 मैलांचा वेग गाठण्यास तिला 27.1 सेकंद लागले. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांनी या लहानशा गाडीतील गुण हेरले, आणि 1961 साली 'मिनी कूपर' तयार झाली. तिचे एंजिन 997 घनसेंटीमीटरचे होते. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसविले होते, हवा आत घेणाऱ्या झडपा मोठ्या केल्या होत्या, संपीडनाचे गुणोत्तर 8.3 वरून 9 वर नेले होते, आणि धूर बाहेर नेणारी नळीही सुधारली होती. हवा, दाब आणि फेऱ्या या तिन्ही मार्गांचा असा मेळ घातल्यावर शक्ती झाली 55 अश्वशक्ती.

आता हिशेब पाहा. शक्ती जवळजवळ बासष्ट टक्क्यांनी वाढली. पण त्याच नियतकालिकाच्या परीक्षेत परमवेग भरला 84.7 मैल, म्हणजे वाढ केवळ सतरा टक्क्यांची. हे असे का झाले? वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो विरोध मोडून काढण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. 34 या आकड्याला 84.7 व 72.4 यांच्या गुणोत्तराच्या घनाने गुणून पाहिले तर उत्तर 54 च्या थोडे वर येते. शास्त्राने सांगितलेला आकडा आणि कारखान्याने दिलेला आकडा यांत जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे अंतर राहते! तात्पर्य असे की, परमवेगासाठी पैसे खर्च करणे म्हणजे डोंगर चढत जाण्यासारखे आहे. पाऊल जितके वर, तितका श्रम अधिक. उलट 60 मैलांचा वेग गाठण्याचा काळ 27.1 सेकंदांवरून 17.2 सेकंदांवर आला. वाढीव शक्तीचा खरा लाभ चढणीवर व पुढील वाहन ओलांडताना मिळतो. त्यासाठीच ती हवी असेल, तर निवडही त्याच हेतूने केली पाहिजे.

निवडीची पहिली पायरी मात्र काही नवे विकत घेण्याची नाही. जुन्या एंजिनाने आपल्या मूळ शक्तीचा बराच भाग वाटेत कोठे तरी सांडलेला असतो. तो परत मिळविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. एका सिलिंडरचा दाब इतरांहून फार कमी असेल, तर झडप किंवा रिंगा झिजल्या आहेत असे समजावे; अशा एंजिनावर सुधारणेचा एक रुपयाही घालू नये. टॅपेटचे अंतर, प्लगचे अंतर, ठिणगीचे टायमिंग, हवेची गाळणी ही सर्व तपासावीत. चाक उचलून हाताने फिरवून पाहावे. ब्रेक घासत असेल तर एंजिनाची शक्ती तेथेच उष्णता होऊन वाया जात असते. टायरांतील हवा योग्य तितकी आहे ना, तेही पाहावे. पुष्कळांची शक्तीची तहान या पायरीवरच भागते.

दुसरी पायरी श्वासाची. येथे एक नियम ध्यानात ठेवावा. नळीतून किती पाणी जाईल, हे तिच्या सर्वांत अरुंद भागावरून ठरते. हवेची गाळणी कितीही मोकळी केली आणि पुढे धूर बाहेर पडण्याची वाट कोंडलेलीच राहिली, तर पैसे फुकट गेले असे समजावे. मिनीच्या एंजिनात चार सिलिंडरांना हवा आत घेण्याची छिद्रे दोनच, व धूर सोडण्याची तीन होती. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच छिद्रातून बाहेर पडे. म्हणून त्या गाडीचे शौकीन आजही प्रथम मधली शाखा लांब असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवितात, त्याच्या जोडीला मोकळा सायलेन्सर व मोकळी गाळणी घेतात, आणि कार्ब्युरेटरची सुई बदलतात. ही सुई विसरणे महागात पडते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते, जळण्याची उष्णता वाढते, आणि धूर सोडणारी झडप करपते. गाळणी, नळी आणि सुई हा एकच संच आहे. त्यांतील एक घेऊन दुसरे पुढील महिन्यावर टाकणे ही काटकसर नव्हे.

तिसरी पायरी संपीडनाची. या पायरीवर मी स्वतः घसरलो आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. 1970 नंतरच्या दशकात माझ्याजवळ एक जुनी फियाट 1100 होती. एका कारागिराच्या सल्ल्यावरून मी तिचे हेड काढून त्याचा तळ घासून घेतला. हेडचा तळ घासला की ज्वलनाची जागा लहान होते व संपीडन वाढते. खर्च फक्त मजुरीचा आणि एका गॅस्केटचा. भर म्हणून आम्ही ठिणगीचे टायमिंगही थोडे पुढे घेतले. पंधरा दिवस गाडी अशी पळाली की मला आकाश ठेंगणे झाले. पुढे मे महिन्यात ताईला व तिच्या दोन मुलांना घेऊन मी मुंबईहून नाशिकला निघालो. कसारा घाटात डब्यात खडे वाजावेत तसा आवाज एंजिनातून येऊ लागला. ताई म्हणाली, "अरे, हा आवाज कसला येतोय? थांबव पाहू." मी म्हणालो, "ताई, जोर वाढलाय ना, त्याचा आवाज आहे." अर्ध्या चढावर गाडीचा जोर एकाएकी गेला, मागे निळसर धूर पसरला, आणि भर उन्हात, मागून मालमोटारी येत असताना, मुलांना कडेला उतरवून चाकाखाली दगड लावण्याची पाळी माझ्यावर आली. एंजिन उघडले तेव्हा एका दट्ट्याच्या माथ्याला भोक पडलेले दिसले.

ते का पडले, हे समजण्यास ज्योतीचा प्रवास समजला पाहिजे. ठिणगी पडल्यावर मिश्रण एकदम जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून कडेकडे पसरत जाते. संपीडन फार झाले, टायमिंग पुढे असले आणि एंजिन तापलेले असले, तर कडेचे मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेते. त्याचाच तो खड्यांसारखा आवाज. या धक्क्यांनी दट्ट्यावरील शांत हवेचा पातळ थर निघून जातो व जाळाची धग सरळ धातूला भिडते. जाळाचे तापमान दोन हजार अंशांवर असते, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते! पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे या आपोआप पेटण्याला विरोध करण्याची त्याची ताकद. त्या काळी साधे पेट्रोल आजच्याहून कमी ऑक्टेनचे मिळे, याचा विचार त्या कारागिराने केला नाही, आणि मीही केला नाही. संपीडन वाढविणे हा उपाय वाईट नाही; पण किती घासावयाचे, हे मोजून आणि मिळणारे पेट्रोल पाहून ठरविले पाहिजे. तो आवाज आला की पाय उचलावा, गाडी थांबवावी, आणि जवळच्या माणसाचे ऐकावे.

उलट, ज्या एंजिनात असा आवाज होतच नाही, त्यात महागडे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल घातल्याने शक्ती सहसा वाढत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. पेट्रोलच्या नळीला लावावयाची लोहचुंबके, टाकीत टाकावयाच्या गोळ्या, हवेच्या नळीत बसवावयाची भिंगरी, यांविषयी तर बोलणेच नको. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचविण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली; नजरेत भरेल असा लाभ जवळजवळ कोणत्याच साधनाने दिला नाही.

चौथी पायरी कॅमशाफ्टची. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसविला की जास्त फेऱ्यांवर एंजिन मोकळा श्वास घेते. पण कमी फेऱ्यांवर तेच एंजिन लंगडते. मूळ मिनीचा सर्वाधिक पीळ 2,900 फेऱ्यांवर मिळे, आणि सर्वाधिक शक्ती 5,500 फेऱ्यांवर. शहरात आपण एंजिन यांपैकी कोणत्या आकड्याच्या जवळ चालवितो, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे पाहावे. शर्यतीचा कॅमशाफ्ट घालून बाजारपेठेतून दूध आणावयास जाणे म्हणजे पहिलवानाचा खुराक घेऊन दिवसभर गादीवर बसण्यासारखे आहे.

आणि सर्व पायऱ्यांच्या आधी ब्रेक. मिनी कूपरला शक्ती दिली तेव्हाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. 1963 साली 70 अश्वशक्तीची 'कूपर एस' आली, तेव्हा ते ब्रेक आणखी मोठे केले. याच कूपर एसने 1964 साली पॅडी हॉपकर्क यांच्या हाती मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. पुढे 1965 व 1967 सालीही हा मान मिनीकडेच गेला. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून हाती असलेल्या रकमेचा पहिला वाटा ब्रेक व टायर यांचा. जाता जाता एक फुकटचा उपाय सांगतो. सहाशे किलोच्या गाडीतून साठ किलोचे अनावश्यक ओझे उतरविले, तर चढणीवर जवळजवळ दहावा हिस्सा शक्ती वाढल्यासारखेच होते. मागील डिकी एकदा उघडून पाहावी!

आपल्याकडेही या विद्येची परंपरा आहे. मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी सुधारलेल्या फियाट गाड्या शर्यतीत पळत. परंतु शर्यतीचे मैदान वेगळे आणि सार्वजनिक रस्ता वेगळा. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतील तपशील वेगळा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली याच नियमाला दुजोरा दिला आहे. आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल किती सोडावयाचे व ठिणगी केव्हा पाडावयाची, हे संगणक ठरवितो, आणि त्याच्या आज्ञा बदलून शक्ती वाढविण्याचा व्यवसाय जोरात आहे. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनात त्याने पुष्कळ फरक पडतो. साध्या लहान एंजिनात थोडाच. मात्र धुराचे प्रमाण, विम्याचा करार आणि कंपनीची हमी, या तिन्ही गोष्टी अशा बदलाने धोक्यात येऊ शकतात. तेव्हा आधी कायदा विचारावा, मग कारागीर.

श्रोतेहो, सांगितलेल्या पायऱ्यांचा क्रम लक्षात ठेवण्यास कठीण नाही. आधी थांबण्याची सोय, मग हरवलेली शक्ती, मग श्वास, मग संपीडन, आणि कॅमशाफ्ट अगदी शेवटी, तोही हौस व शर्यतीचे मैदान दोन्ही असतील तर. बहुतेकांना दुसऱ्या पायरीच्या पुढे जावे लागणार नाही. त्या उन्हाळ्यात दुरुस्त झालेली माझी फियाट पुढे कित्येक वर्षे मूळच्या शक्तीने कसारा घाट चढली. तिला पुष्कळ गाड्यांनी मागे टाकले. पण ताई आणि मुले पुन्हा कधी रस्त्याच्या कडेला उभी राहिली नाहीत.